न वाजवता घेतलेले मडके : व्हिडिओ गेम, पिझ्झा आणि वाळवंटातला खड्डा

बाजारातल्या वस्तूंची विभागणी अर्थशास्त्रात अनेक प्रकारे केली जाते. त्यांतली एक विभागणी वस्तूच्या किमतीकडे किंवा उपयोगाकडे न पाहता ग्राहकाला तिचा दर्जा केव्हा कळतो एवढ्याच प्रश्नावर उभी आहे. फिलिप नेल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेल्या या विचारानुसार, ज्या वस्तूचा दर्जा पैसे मोजण्यापूर्वीच पाहून, चाचपून किंवा मोजून ठरवता येतो, तिला ‘शोध-वस्तू’ म्हणता येईल, आणि जिचा दर्जा वापरल्याशिवाय उमगतच नाही, तिला ‘अनुभव-वस्तू’ म्हणता येईल. मातीचे मडके विकत घेताना ते वाजवून पाहिले जाते आणि आवाज बद्द आला तर तडा गेल्याचे तिथेच समजते, म्हणून मडके ही शोध-वस्तू ठरते. शिजवलेले अन्न आणि व्हिडिओ गेम यांना मात्र वाजवून पाहण्याची सोय नसते, कारण अन्नाची चव घास तोंडात गेल्यावर आणि खेळाची रंगत खेळायला बसल्यावरच कळते, आणि तोवर पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात गेलेले असतात.

अन्नाच्या व्यापाराला ही अडचण फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, आणि म्हणून वानगी दाखवणे, ओळखीच्या दुकानदाराकडूनच माल घेणे, भेसळीला शिक्षा करणे, प्रतवारीचा शिक्का मारणे असे अनेक उपाय त्या व्यापारात रुळले. घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा मात्र १९७० च्या दशकात इतक्या झपाट्याने वाढला, की असे उपाय रुजायला त्याला उसंतच मिळाली नाही, आणि त्याची किंमत अमेरिकेतल्या या धंद्याने १९८३ साली मोजली. त्या पडझडीची आठवण आज बहुधा एका अजब बातमीच्या रूपाने शिल्लक आहे : एका कंपनीने जगातला सर्वांत वाईट खेळ बनवला, तो कोणी घेईना, आणि शेवटी त्याच्या लाखो प्रती वाळवंटात पुरून टाकल्या. ही बातमी पूर्णपणे खोटी नाही, परंतु तिने सगळा दोष एका खेळाच्या माथी मारला असल्यामुळे पडझडीचे खरे कारण झाकले जाते. आणि ते कारण, म्हणजे दर्जा पारखण्याची कोणतीही सोय नसलेला बाजार, आजच्या ग्राहकाच्याही कामाचे आहे.

नाणे टाकून घेतलेली चव

‘कन्सोल’ म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून केवळ खेळासाठी वापरायचे संगणकीय यंत्र. राल्फ बेअर या अभियंत्याने सँडर्स असोसिएट्स या संरक्षण क्षेत्रातील कंपनीत काम करताना १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे यंत्र तयार केले, आणि त्याच्या आधारे मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल विक्रीस आणला. त्याला आवाज नव्हता आणि रंगही नव्हते. पडद्यावर केवळ काही पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ उमटत असे, आणि मैदान किंवा चक्रव्यूह दिसावा म्हणून रंगीत पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे दूरचित्रवाणीच्या काचेवर चिकटवावे लागत.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी कॅलिफोर्नियात अटारी ही कंपनी स्थापन केली, आणि तिथल्या अॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा, नाणे टाकून खेळायचा खेळ घडवला. त्याचे पहिले यंत्र सनीव्हेल गावातल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात ठेवले गेले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली, आणि अल्कॉर्न यांनी सांगितल्याप्रमाणे यंत्र उघडून पाहता बिघाड असा काहीच नव्हता, आतली नाण्यांची पेटी काठोकाठ भरल्यामुळे ते चालेनासे झाले होते. ही हकिकत या व्यवसायाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि तिच्यातून नाण्याच्या यंत्राचा एक मोठा गुणही ध्यानात येतो. पाव डॉलरचे नाणे टाकून कोणालाही खेळाची चव घेता येत असे, नाणे टाकण्यापूर्वी मागे उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहता येत असे, आणि न आवडल्यास नुकसान पाव डॉलरपुरतेच होत असे. मालकालाही संध्याकाळी पेटी मोजताच कोणते यंत्र ठेवावे आणि कोणते हलवावे हे कळत असे, त्यामुळे कंटाळवाणा खेळ आपोआप बाहेर पडत असे. अनुभव-वस्तूची अडचण या यंत्राने जवळजवळ पूर्णपणे सोडवली होती.

घरगुती कन्सोलने नेमकी हीच सोय काढून घेतली. फेअरचाइल्ड कंपनीत जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘चॅनल एफ’ हा कन्सोल १९७६ च्या अखेरीस बाजारात आला, आणि त्याच्याबरोबर बदलता येणारे ‘कार्ट्रिज’ आले. कार्ट्रिज म्हणजे खेळाची आज्ञावली कायमची कोरलेली चिप ज्यात बसवलेली असते अशी प्लास्टिकची डबी, जिला भारतात पुढे सर्रास ‘कॅसेट’ म्हटले गेले. अटारीने १९७७ मध्ये आपला ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हा कन्सोल, ज्याला नंतर ‘२६००’ असे नाव पडले, सुमारे २०० डॉलरला आणला, आणि काही वर्षांतच कॅसेट विकणे हाच खरा धंदा झाला. कॅसेट बंद खोक्यात येई, नवी असताना तिला ३० डॉलर किंवा त्याहून अधिक पडत, आणि खोक्यावर अंतराळयाने, वाघ, तलवारी यांची अत्यंत देखणी रंगीत चित्रे असत. घरी येऊन कॅसेट खोचल्यावर पडद्यावर दिसत ते मात्र ठोकळ्यांचे मोजके आकार. पाव डॉलरची चव जाऊन तीस डॉलरची पैज आली होती, आणि ग्राहकाजवळ खोक्यावरच्या चित्राखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

पिझ्झाची वाट पाहताना

ज्या काळात कॅसेट घरोघरी पोहोचू लागल्या, त्याच काळात बुशनेल यांनी खेळ आणि अन्न यांना एका छताखाली आणण्याचा प्रयोग केला. नाण्याची यंत्रे तेव्हा प्रामुख्याने मद्यगृहांत आणि तत्सम जागी असत, जिथे मुलांना नेता येत नसे. मुलांना या खेळांची आवड असूनही त्यांच्यासाठी जागा नव्हती. मे १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात सुरू झालेल्या ‘चक ई. चीजेस पिझ्झा टाइम थिएटर’ या उपाहारगृहाने ही उणीव भरून काढली. तिथे गाणी म्हणणारे यांत्रिक प्राणी होते, खेळण्यासाठी विशेष टोकन होती, आणि खाण्यासाठी पिझ्झा होता. पिझ्झाची निवड विचारपूर्वक केलेली होती, कारण तो सांगितल्यावर भाजून येईपर्यंत बराच वेळ थांबावे लागते याची गिऱ्हाइकांना सवयच असते. इतर उपाहारगृहांना जो रिकामा वेळ अडचणीचा वाटतो, तोच इथे टोकन खपवण्याचा वेळ ठरला. बुशनेल यांनी अटारी कंपनी १९७६ मध्येच वॉर्नर कम्युनिकेशन्सला २ कोटी ८० लाख डॉलरला विकलेली होती. पुढे वॉर्नरशी न पटल्याने ते अटारीतून बाहेर पडले आणि या उपाहारगृहाचे हक्क तिच्याकडून विकत घेऊन त्यांनी त्याच्या शाखा अमेरिकाभर पसरवल्या.

अन्नाचा धागा खेळांच्या आशयातही शिरला. जपानमधील नाम्को कंपनीचे तोरू इवातानी यांना वाटत असे, की अंतराळातल्या शत्रूंवर गोळ्या झाडण्याच्या खेळांनी भरलेल्या गेमघरांत मुली आणि जोडपी पाऊल ठेवत नाहीत, आणि त्यांना रुचेल असा विषय शोधताना ते खाण्याच्या क्रियेपाशी येऊन थांबले. एक तुकडा काढून घेतलेल्या पिझ्झाच्या आकाराचा उल्लेख त्यांनी आपल्या मुलाखतींत केला आहे. १९८० मध्ये आलेला ‘पॅक-मॅन’ हा त्यांचा खेळ, ज्यात एक गोल तोंड चक्रव्यूहातले ठिपके खात सुटते आणि चार भुते त्याचा पाठलाग करतात, नाण्याच्या यंत्रावर जगभर गाजला, आणि तो घरच्या कन्सोलवर आणण्याची घाई अटारीला झाली.

एकशे अठ्ठावीस बाइटांत मावलेला खेळ

ही घाई कुठे अडखळली हे समजण्यासाठी यंत्राच्या आत डोकावणे आवश्यक आहे. अटारी २६०० मध्ये ६५०७ नावाचा प्रक्रियक होता, जो सेकंदाला सुमारे ११ लाख ९० हजार ठोक्यांच्या गतीने चाले, आणि चालू हिशेब ठेवण्यासाठीची स्मृती होती केवळ १२८ बाइट. युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, त्या हिशेबाने या स्मृतीत देवनागरीची ४२ चिन्हे मावली असती. तेवढ्याच जागेत खेळाडूचे स्थान, शत्रूंची स्थाने, गुण आणि उरलेले डाव हे सारे सांभाळावे लागे. संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याइतकी जागा नसल्यामुळे दूरचित्रवाणीचा इलेक्ट्रॉन झोत पडद्यावर एकेक आडवी रेघ काढत असतानाच त्या रेघेत काय दिसावे हे आज्ञावलीला सांगावे लागे, आणि एका रेघेसाठी प्रक्रियकाला अवघे ७६ ठोके मिळत. त्यातच या यंत्राच्या रचनेत मुख्य हलत्या आकृत्या दोनच गृहीत धरलेल्या होत्या, कारण ते ‘पाँग’ आणि रणगाड्यांची लढाई असे दोन खेळाडूंचे खेळ डोळ्यांसमोर ठेवून घडवले होते.

अशा यंत्रावर पॅक-मॅन आणि चार भुते एकाच वेळी दाखवायची तर भुते आळीपाळीने, एका चित्रात एक तर पुढच्या चित्रात दुसरे, अशी दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि परिणामी भुते सतत लुकलुकत राहिली. चक्रव्यूह मूळ खेळासारखा उतरला नाही, ठिपक्यांच्या जागी आखूड रेघा आल्या, आवाजही निराळे झाले. मार्च १९८२ मध्ये आलेल्या या कॅसेटच्या तरीही ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि इथेच अनुभव-वस्तूच्या बाजाराचे कोडे स्पष्ट होते. लोकांनी पैसे दिले ते नाण्याच्या यंत्रावर चाखलेल्या खेळासाठी, आणि हाती पडला तो त्याच नावाचा वेगळा खेळ. विक्रीचा आकडा पाहून कंपनीला यश दिसले. प्रत्येक खोक्याबरोबर थोडा थोडा विश्वास खर्च होत होता, पण तो कोणत्याही जमाखर्चात मांडलेला नव्हता.

दलियापासून कुत्र्याच्या खाद्यापर्यंत

सुरुवातीला अटारीच्या यंत्रासाठी अटारीच खेळ बनवत असे. आपले नाव खेळावर नाही आणि विक्रीच्या मानाने मोबदलाही नाही, या असंतोषातून डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे तिचे कुशल आज्ञावलीकार बाहेर पडले आणि १९७९ मध्ये जिम लेव्ही यांच्यासह त्यांनी अॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली. अटारीने दावा लावला, परंतु १९८२ मध्ये तडजोड होऊन इतर कंपन्यांनी या यंत्रासाठी कॅसेट काढण्याचा मार्ग मोकळा झाला. अॅक्टिव्हिजनचे खेळ उत्तम होते. मात्र त्याच वाटेने ज्यांचा खेळांशी काडीचा संबंध नव्हता अशांचीही रीघ लागली, कारण कॅसेट बनवण्यासाठी ना परवाना लागे ना परीक्षा.

या गर्दीत अन्नपदार्थांच्या कंपन्या ठळकपणे दिसतात. ओटच्या दलियासाठी प्रसिद्ध असलेल्या क्वेकर ओट्सने ‘यू.एस. गेम्स’ या नावाने कॅसेट काढल्या. सरबताची पूड विकणाऱ्या कूल-एडच्या नावाने ‘कूल-एड मॅन’ हा खेळ आला. आणि राल्स्टन प्युरिना या कंपनीच्या कुत्र्याच्या खाद्याची जाहिरात म्हणून ‘चेस द चक वॅगन’ हा खेळ निघाला, जो मिळवण्यासाठी खाद्य विकत घेतल्याचे पुरावे टपालाने पाठवावे लागत. दुकानाच्या फळीवर विकायला येणारे सगळे खेळ सारख्याच आकाराच्या खोक्यांत, सारख्याच चमकदार चित्रांनिशी शेजारी शेजारी उभे राहत, आणि त्यांतला कोणता महिनोन्‌महिने मेहनत करून घडवलेला आणि कोणता काही आठवड्यांत उरकलेला, हे ओळखण्याचे साधन ना ग्राहकाजवळ होते ना दुकानदाराजवळ.

अशा बाजाराचे पुढे काय होते, हे जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालीच एका निबंधात दाखवून दिले होते, ज्याबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे मुख्य उदाहरण जुन्या मोटारींचे आहे. विकणाऱ्याला मोटारीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा चांगली-वाईट यांच्या सरासरीइतकीच किंमत देऊ पाहतो, त्या किमतीला चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात, उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, आणि हे चक्र बाजार बसेपर्यंत चालू राहू शकते. अॅकरलॉफ यांचे त्यापूर्वी काही काळ दिल्लीत वास्तव्य होते, आणि याच निबंधात त्यांनी भारतीय गृहिणीचाही दाखला दिला आहे, जिला बाजारातला तांदूळ घरी आणल्यावर मुद्दाम मिसळलेले, दाण्यासारखेच दिसणारे खडे निवडत बसावे लागते. या दाखल्यातला बारकावा असा, की अप्रामाणिक विक्रेता ग्राहकाला फसवतोच, शिवाय निवडण्याचे कष्ट प्रामाणिक विक्रेत्याच्या मालावरही लादतो, कारण एकदा शंका आली की ती सगळ्याच पोत्यांवर येते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या फळीवर १९८२ मध्ये हीच अवस्था आलेली होती.

पाच आठवड्यांचा खेळ आणि वाळवंटातला खड्डा

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई.टी.’ हा चित्रपट १९८२ च्या उन्हाळ्यात तुफान चालत असताना त्यावर आधारित खेळाचे हक्क मिळवण्याच्या वाटाघाटी जुलैअखेरपर्यंत लांबल्या, आणि खेळ नाताळच्या विक्रीसाठी दुकानांत हवा असल्यामुळे तो घडवायला हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना सुमारे पाच आठवडे मिळाले. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. वॉरशॉ हे ‘यार्स रिव्हेंज’ या नावाजलेल्या खेळाचे कर्ते होते, आणि तेवढ्या वेळात एक पूर्ण खेळ उभा करणे हे कौशल्याचेच काम होते. परंतु त्या खेळातला परग्रहवासी पुन्हा पुन्हा खड्ड्यांत पडतो आणि त्यातून बाहेर काढताना खेळणारा जेरीस येतो. खेळ दुसऱ्याच्या हाती देऊन, त्याला कुठे अडचण येते ते पाहून सुधारणा करायला वेळच उरलेला नव्हता. सुरुवातीला तो बऱ्यापैकी खपला, पण त्याच्या प्रती खपापेक्षा कितीतरी जास्त बनवल्या गेल्या होत्या.

७ डिसेंबर १९८२ रोजी अटारीने आपल्या विक्रीची वाढ अपेक्षेपेक्षा फारच कमी होणार असल्याचे जाहीर केले, आणि पाठोपाठ वॉर्नरच्या समभागांची किंमत सुमारे एक तृतीयांशाने कोसळली. पुढच्या वर्षी घसरणीने वेग घेतला, आणि तिला हातभार लावणारी कारणे एकमेकांत गुंतलेली होती. न खपलेला माल परत करण्याच्या बोलीवर दुकानदारांनी कॅसेट भरून ठेवल्या होत्या, पण छोट्या कंपन्याच बुडाल्यामुळे परत घेणारे कोणी उरले नाही. मग ३५ डॉलरच्या आसपासच्या कॅसेट पाच डॉलरच्या टोपलीत आल्या, आणि स्वस्त कॅसेट समोर असताना पूर्ण किमतीचा चांगला खेळ कोण घेणार, असा पेच चांगल्या कंपन्यांपुढे उभा राहिला. त्यातच कमोडोर ६४ सारख्या घरगुती संगणकांच्या किमती झपाट्याने उतरल्याने नुसत्या खेळाच्या यंत्रावर पैसे का घालावेत, असाही प्रश्न पालकांना पडला. १९८३ मध्ये अटारीचा तोटा ५० कोटी डॉलरच्या वर गेला आणि १९८४ मध्ये वॉर्नरने तिचा घरगुती विभाग विकून टाकला. त्याच वर्षी बुशनेल यांच्या पिझ्झागृहांच्या कंपनीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला. मात्र ती दुसऱ्या एका पिझ्झा कंपनीत विलीन होऊन टिकली आणि ते नाव आजही चालू आहे.

सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथील अटारीच्या कोठारातून मालमोटारी निघाल्या आणि न्यू मेक्सिको राज्यातल्या अॅलामोगोर्डो गावाच्या कचरा-भरावात त्यांतला माल पुरून वर काँक्रीट ओतले गेले. वृत्तपत्रांनी ही बातमी त्याच वेळी छापली होती, पण काळाच्या ओघात तिची दंतकथा झाली आणि असे काही घडलेच नसावे असेही म्हटले जाऊ लागले. अखेर २६ एप्रिल २०१४ रोजी एका माहितीपटाच्या निमित्ताने, जमलेल्या लोकांसमक्ष ती जागा उकरण्यात आली आणि कॅसेट खरोखरच निघाल्या. वर काढलेल्या सुमारे १३०० कॅसेटपैकी बऱ्याच पुढे गावाने लिलावात विकल्या, ज्यातून लाखाहून अधिक डॉलर जमले, आणि ‘ई.टी.’ची एक प्रत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

या उत्खननातून निघालेली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र बातम्यांच्या मथळ्यांत फारशी आली नाही. खड्ड्यात केवळ ‘ई.टी.’ नव्हता, त्यात ‘पॅक-मॅन’ होता, आणि ‘सेंटिपीड’ व ‘मिसाइल कमांड’ यांसारखे नावाजलेले, लोकांनी आवडीने खेळलेले खेळही होते. एका वाईट खेळाने धंदा बुडवला असता तर खड्ड्यात तो एकटाच सापडायला हवा होता. चांगले आणि वाईट एकाच खड्ड्यात सापडणे हा अॅकरलॉफ यांच्या तर्काचा जणू मातीतून निघालेला पुरावा आहे : ज्या बाजारात पारख करता येत नाही, तिथे वाईट मालाबरोबर चांगला मालही बुडतो. जपानमधला कन्सोलचा धंदा पडझडीच्याच वर्षी जोमाने वाढत होता, हेही ध्यानात घेतले म्हणजे लोकांना खेळांचाच कंटाळा आला होता, हा तेव्हाचा अनेकांचा निष्कर्ष किती चुकीचा होता ते दिसते.

शिक्का आणि त्याची किंमत

क्योटो शहरात १८८९ साली हानाफुदा नावाचे खेळायचे पत्ते बनवण्यासाठी सुरू झालेल्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ऊर्फ ‘फॅमिकॉम’ हा कन्सोल आणला होता. १९८५ मध्ये अमेरिकेत उतरताना या कंपनीपुढे मुख्य प्रश्न यंत्राचा नव्हता. हात पोळलेल्या दुकानदारांचा विश्वास कसा मिळवायचा, हा होता. तिने यंत्राला ‘एन्टरटेनमेंट सिस्टिम’ म्हटले, त्याचे रूप व्हिडिओ रेकॉर्डरसारखे ठेवले, आणि न्यूयॉर्कमधल्या पहिल्या विक्रीत न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्रात आणि प्रत्येक कॅसेटमध्ये एकेक कुलूप-चिप बसवली. दोन्ही चिपांची ओळख पटली तरच खेळ सुरू होई, त्यामुळे परवान्याशिवाय कॅसेट काढणे कठीण झाले. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला साधारणपणे पाचच खेळ काढता येत, कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत, आणि तपासणीतून पार पडलेल्या खेळाच्या खोक्यावर दर्जाचा सोनेरी शिक्का छापला जाई.

भारतीय वाचकाला या शिक्क्याचे काम समजावून सांगावे लागणार नाही, कारण मसाल्याच्या किंवा मधाच्या वेष्टनावरचा ‘अॅगमार्क’ हेच काम करतो. शेतमालाची प्रतवारी करून त्यावर खूण उमटवण्याचा कायदा १९३७ मध्ये झाला, आणि या खुणेमागच्या चाचण्यांची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरात आहे. हळदीत भेसळ आहे की नाही हे ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि कित्येकदा खाऊनही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये अशा मालासाठी ‘विश्वास-वस्तू’ असा तिसरा वर्ग सुचवला, ज्यात पारख करण्याचे काम ग्राहकाच्या वतीने जाणत्या तिसऱ्याने करावे लागते. मात्र अॅगमार्क आणि निन्टेन्डोचा शिक्का यांत एक मूलभूत फरक आहे : पहिला देणारी यंत्रणा स्वतः हळद विकत नाही, तर दुसरा देणारी कंपनी स्वतःच खेळ विकणारी होती. तिने बाजार सावरला हे खरे, पण कोणी किती खेळ काढावेत आणि कॅसेट कोणाकडून बनवून घ्याव्यात हे सारे तिच्याच हाती गेले, आणि अमेरिकेत तिच्यावर मक्तेदारीचे आरोप होऊन न्यायालयीन लढायाही झाल्या. पारख करणारा आणि विकणारा एकच असला की शिक्क्याला दोन धन्यांची चाकरी करावी लागते, हे यावरून लक्षात येते.

फॅमिकॉमच्या मूळ जपानी यंत्रात कुलूप-चिप नव्हती, आणि त्यामुळे त्याच्या हुबेहूब नकला आशियाभर निघाल्या. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला तो बहुतांशी अशा नकलांचाच होता, आणि त्याच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा यादीत भरलेले असत. खोक्यावरच्या आकड्याचा काही भरवसा नसलेल्या या बाजारात मुलांनी पारखीचे आपले मार्ग शोधले : मित्राच्या घरी खेळून पाहिल्याशिवाय कॅसेट मागायची नाही, दुकानदाराला ती दुकानातच लावून दाखवायला सांगायची, आणि तासावर पैसे घेणाऱ्या गेम पार्लरमध्ये आधी चव घ्यायची. नाण्याच्या यंत्राने जी सोय दिली होती ती इथे शेजारधर्माने आणि दुकानदाराच्या ओळखीने परत मिळवली गेली.

पारखीचा हक्क

आज खेळ इंटरनेटवरून उतरवले जातात, त्यांची परीक्षणे आणि चित्रफिती मोफत पाहता येतात, तरी मूळ अडचण संपलेली नाही. ‘सायबरपंक २०७७’ हा प्रचंड गाजावाजा झालेला खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका सदोष चालत होता, की सोनी कंपनीने काही दिवसांतच तो आपल्या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. १९८२ मधील ‘ई.टी.’ आणि हा खेळ यांच्या निर्मितीत कसलीही तुलना होऊ शकत नाही, तरी नाताळच्या हंगामाची घाई आणि न पाहता आगाऊ पैसे भरणारे ग्राहक या दोन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. फरक पडला तो पैसे परत मिळण्याच्या सोयीमुळे : नुकसान ग्राहकाच्या घरी कपाटात पडून न राहता ते निर्मात्यापर्यंत पोहोचले, आणि त्याला पुढील काही वर्षे दुरुस्ती करत राहावी लागली. संगणकावरील खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानाने २०१५ पासून, खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करण्याची मुभा दिली आहे, ती याच कारणासाठी मोलाची आहे.

म्हणून अटारीच्या खड्ड्याची बातमी वाचताना जगातला सर्वांत वाईट खेळ कोणता, या करमणुकीच्या वादात न रमता एक प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरते : चूक झाली तेव्हा ती ग्राहकाला आधी कळावी आणि निर्मात्याला वेळेत भोवावी, अशी सोय त्या बाजारात होती का? वाईट खेळ आणि बेचव जेवण कायम तयार होत राहणार, आणि प्रयोग करणाऱ्यांकडून ते व्हायलाही हवेत, कारण चुकण्याची मुभा नसेल तर नवे काही निपजणार नाही. परंतु चव घेण्याची, पैसे परत मागण्याची आणि विकणाऱ्याशी हितसंबंध नसलेल्या पारख्याचे मत मिळण्याची सोय ज्या बाजारात असते, तिथे वाईट माल एकटाच बुडतो, आणि चांगले काम करणाऱ्याला त्याच्याबरोबर गाडले जावे लागत नाही. ही सोय मागणे हा ग्राहकाचा हट्ट मानला जाऊ नये. उत्तम खेळ घडवणाऱ्या आणि उत्तम अन्न शिजवणाऱ्या प्रत्येकाचे हित तिच्यातच आहे.